वांगावरची ट्यूब आणि डॉ. क्लिगमन यांचे दोन शोधनिबंध

रानजाई

वांगावरची ट्यूब आपल्याकडे किती घरांत असेल! खोक्याच्या बाजूला बारीक अक्षरांत तीन नावं असतात: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि मोमेटासोन किंवा त्याच्याच जातीचं दुसरं एखादं स्टिरॉइड. ही तीन नावं एकत्र कुणी आणली आणि ज्याने आणली त्यानेच पुढे काय लिहून ठेवलं, हे सांगण्यासाठी हा धागा काढतेय. मी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करते, डॉक्टर नाही. जुन्या नियतकालिकांचे बांधीव खंड रोज हाताखालून जातात. त्यातले हे दोन निबंध मला एकमेकांच्या शेजारी ठेवावेसे वाटतात.

पहिला १९७५ चा. 'आर्काइव्ह्ज ऑफ डर्मेटॉलॉजी'मध्ये फिलाडेल्फियाच्या डॉ. अल्बर्ट क्लिगमन आणि डॉ. आयझॅक विलिस यांनी माणसाच्या त्वचेचा रंग उतरवणारं नवं मिश्रण मांडलं. ५ टक्के हायड्रोक्विनोन, ०.१ टक्का ट्रेटिनॉइन, ०.१ टक्का डेक्सामेथासोन. हायड्रोक्विनोन रंगद्रव्य तयार होण्याची क्रियाच रोखतं. ट्रेटिनॉइनमुळे वरच्या पेशी लवकर गळून नव्या येतात आणि बाकीची औषधंही आत नीट मुरतात. या दोन्हींमुळे होणारी आग आणि लाली स्टिरॉइड आवरतं. तिघांतलं एक काढलं तरी परिणाम उतरतो, हे त्यांनी दाखवलं. काळ्या वर्णाच्या निरोगी त्वचेचाही रंग काही आठवड्यांत पूर्ण जातो, इतकं ते जोरकस होतं. वांग, फ्रेकल्स म्हणजे चेहऱ्यावरचे बारीक तपकिरी ठिपके, पुळ्या बऱ्या झाल्यावर मागे राहणारे काळे डाग, यांवर ते चाललं. जगभरचे त्वचारोगतज्ज्ञ आजही याला 'क्लिगमन फॉर्म्युला' म्हणतात.

दुसरा निबंध १९७९ चा, 'इंटरनॅशनल जर्नल ऑफ डर्मेटॉलॉजी'मधला. डॉ. पीटर फ्रॉश यांच्यासोबत लिहिलेला. शीर्षक दोनच शब्दांचं: 'स्टिरॉइड ॲडिक्शन', म्हणजे स्टिरॉइडचं व्यसन. चेहऱ्यावर तीव्र स्टिरॉइड दीर्घकाळ लावलं की काय होतं, ते त्यात मांडलंय. आधी छान वाटतं. मग लावल्याशिवाय राहवत नाही, कारण थांबवलं की चेहरा लालबुंद होतो, आग होते, बारीक पुळ्या येतात. पुन्हा लावलं की शांत. त्वचा पातळ होत जाते, लाल रेषा उमटतात आणि सोडणं आणखी अवघड होतं.

म्हणजे ज्यांच्या नावाने हे मिश्रण ओळखलं जातं, त्यांनीच त्यातल्या एका घटकाचा धोका चार वर्षांनी छापून ठेवला. आपल्याकडच्या फळीवर पहिला निबंध पोहोचला, दुसरा नाही. खरं तर पहिलाही अर्धाच पोहोचला. मूळचं डेक्सामेथासोन चेहऱ्यासाठी त्यातल्या त्यात सौम्य होतं. आपल्याकडे सर्रास मिळणाऱ्या मिश्रणात ०.१ टक्का मोमेटासोन असतं आणि ते त्याहून बरंच तीव्र आहे. अमेरिकेत २००२ मध्ये या जातीच्या ज्या मलमाला मान्यता मिळाली, त्यात ०.०१ टक्का फ्लुओसिनोलोन आहे, आणि तेही मध्यम ते तीव्र वांगासाठी, आठ आठवड्यांपर्यंतच. आपल्याकडे हीच गोष्ट 'गोरेपणाची क्रीम' म्हणून वर्षानुवर्षं लावली जाते.

हे मी कानावर आलेलं सांगत नाहीये. २०११ मध्ये भारतीय त्वचारोगतज्ज्ञांच्या नियतकालिकात देशातल्या अनेक केंद्रांचा एकत्रित अभ्यास आला. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेले २,९२६ रुग्ण तपासले, त्यातले ४३३ स्टिरॉइड लावत होते. त्यांच्यापैकी जवळजवळ साठ टक्के लोकांना ते डॉक्टरांनी दिलेलंच नव्हतं. शेजारीण, पार्लर, मेडिकलवाला, कुणीतरी सुचवलेलं. आणि २९ टक्के ते चक्क गोरं होण्यासाठी किंवा रोजची क्रीम म्हणून लावत होते.

इथल्या मंडळींचे अनुभव ऐकायचे आहेत. जाणकारांनी चुकलं तिथे सांगावं.

---

औषधालय_कराड

रानजाई ताई, काउंटरच्या अलीकडून लिहितो. माझं मेडिकल आहे. तुम्ही लिहिलंय ते रोज बघतो.

गिऱ्हाईक चिठ्ठी घेऊन येत नाही. ट्यूबच्या खोक्याचा कापलेला तुकडा घेऊन येतं. कित्येकदा तो तुकडा घडी घालून घालून इतका मऊ झालेला असतो की नाव अर्धं पुसलेलं. हल्ली फोनमधला फोटो. विचारलं की कुणी दिली, तर "वहिनी लावते, तिला फरक पडला". एकदा फरक पडला की ती ट्यूब गल्लीत फिरते.

मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून अंगाला लावायची १४ स्टिरॉइडं शेड्यूल एचमध्ये, म्हणजे चिठ्ठीवरच विकायच्या औषधांच्या यादीत, टाकली. त्याआधी बाहेरून लावायच्या मलमांना पळवाट होती, ती त्या नावांपुरती बंद झाली. ही अधिसूचना आयती आली नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने यासाठी खास कृती गट केला होता, बरीच वर्षं पाठपुरावा केला. कायद्याने आता ही ट्यूब नोंदणीकृत डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाही.

प्रत्यक्षात मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं. तरी मी नाही म्हणतो. पण नुसतं नाही म्हणून भागत नाही, कारण समोर उभी बाई म्हणते, "मग डॉक्टरची फी आणि एक दिवसाची मजुरी तुम्ही द्या". तिला काय सांगू? तालुक्याच्या गावाला त्वचेचा डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो.

---

पहाटधुकं

मी त्या ४३३ मधली असू शकले असते.

लग्न ठरलं तेव्हा पार्लरमध्ये एका डबीत भरलेली क्रीम मिळाली. नाव नाही, गाव नाही. पंधरवड्यात चेहरा काचेसारखा झाला, फोटो सुंदर आले. म्हणून चालू ठेवली. पुढे ऊन लागलं की आग व्हायला लागली. गॅससमोर पोळ्या लाटताना तोंड पेटल्यासारखं व्हायचं, मधेच उठून ओला रुमाल लावायचा. गालावर बारीक लाल नसा दिसायला लागल्या आणि वरच्या ओठावर, हनुवटीवर लव वाढली. क्रीम बंद केली की तिसऱ्या-चौथ्या दिवशी चेहरा सुजायचा. परत लावली की उतरायचा. मला वाटायचं, क्रीम हे औषध आणि माझी त्वचा हा आजार.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी एका नजरेत ओळखलं. त्यांनी एकदम बंद केलं नाही. आधी सौम्य स्टिरॉइडवर आणलं, मग एक दिवसाआड, मग दुसरं बिनस्टिरॉइडचं मलम. सोबत साधं मॉइश्चरायझर आणि सनस्क्रीन, बाकी चेहऱ्याला काही म्हणजे काही नाही. बेसन नाही, लिंबू नाही, फेशियल नाही. पहिले काही महिने फार वाईट होते. लोक विचारायचे, काय झालं चेहऱ्याला. आग थांबली, लव बरीच कमी झाली. नसा मात्र आहेत.

रानजाई, तुमचं ते वाक्य, "पुन्हा लावलं की शांत", वाचून हात थांबला. मी जन्मायच्या आधी कुणीतरी हे इतकं नेमकं लिहून ठेवलं होतं!

---

रानजाई

पहाटधुकं, मनापासून लिहिलंत. बरं वाटलं की आग थांबली. तुमच्या डॉक्टरांनी जे ओळखलं त्याला आता आपल्याकडच्या संशोधकांनी नावही दिलंय. 'टॉपिकल स्टिरॉइड डॅमेज्ड फेस', म्हणजे वरून लावलेल्या स्टिरॉइडने बिघडलेला चेहरा. कोलकात्याचे डॉ. कौशिक लाहिरी आणि डॉ. अरिजित कुंडू यांनी ते नेटाने मांडलं. नाव मिळालं की केसपेपरवर लिहिता येतं, मोजता येतं. आधी हेच रुग्ण 'पुळ्या' किंवा 'ॲलर्जी' म्हणून नोंदले जायचे.

---

तळकोकणी

जरा वेगळं. क्लिगमन हे नाव मी काजूच्या संदर्भात वाचलंय. तेच का हे?

आमच्याकडे ओल्या काजूच्या बिया सोलायचा हंगाम आला की बायकांचे हात बघवत नाहीत. टरफलातलं तेल बोटांना लागलं की कातडी काळी पडते, सोलून निघते. राख लावतात, खोबरेल लावतात, तरी लागतंच. काही जणींचे डोळे-चेहरा सुजतो. आंब्याचा चीक लागून ओठाशी येणारे फोडही त्याच जातीतले, आणि बिब्बा उततो तोही. ही सगळी झाडं एकाच कुळातली.

---

रानजाई

हो, तेच. अमेरिकेत 'पॉइझन आयव्ही' नावाची वेल आहे, तीही याच कुळातली. तिच्या स्पर्शाने लाखो लोकांच्या अंगावर फोड येतात. क्लिगमन यांनी १९५८ मध्ये यावर निबंधांची मालिकाच लिहिली, आणि त्यातल्या एकात त्या वेलीची ॲलर्जी कमी करण्यासाठी काजूच्या टरफलाचं तेल वापरून पाहिलं. तुमच्या हंगामातलं तेच तेल.

माणसाचा आवाका बघा. मूळ शिक्षण वनस्पतिशास्त्राचं, बुरशीवर पीएच.डी. १९४२ ची, वैद्यकीची पदवी १९४७ ची. कातडीचा अभ्यास पुढे सुरू झाला. १९६९ मध्ये डॉ. फुल्टन आणि डॉ. प्लेविग यांच्यासोबत ट्रेटिनॉइन मुरुमांवर चालतं हे दाखवलं. १९७१ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. पोमेड म्हणजे केसांना लावायच्या तेलकट मलमाने कपाळावर येणाऱ्या पुळ्यांचं वर्णन १९७० चं. चापून-चोपून तेल लावणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या कपाळावरच्या पुळ्याही याच धर्तीच्या. नवं प्रसाधन ॲलर्जी आणेल का हे ओळखायची चाचणी १९६६ ची. आणि १९८६ मध्ये उन्हाने वयाआधी म्हातारी झालेली त्वचा ट्रेटिनॉइनने सुधारते, हा निबंध. आज 'रेटिनॉइड' म्हणून जे काही सगळीकडे विकलं जातं, त्याची मुळं इथे आहेत.

---

डेलावेअरकाठ

मी फिलाडेल्फियाजवळ राहतो. धागा चांगला आहे, पण यातली सगळ्यात मोठी गोष्ट अजून आलेली नाही.

शहराच्या ईशान्येला होम्सबर्ग तुरुंग आहे. आता बंद आहे, दगडी भिंती तशाच उभ्या आहेत. १९५१ मध्ये तिथल्या कैद्यांमध्ये पायाच्या बुरशीची साथ आली म्हणून पेनसिल्व्हानिया विद्यापीठाच्या क्लिगमन यांना बोलावलं. आत गेल्यावर काय वाटलं ते त्यांनी स्वतःच १९६६ मध्ये एका वार्ताहराला सांगितलं: समोर एकरच्या एकर कातडी दिसली, शेतकऱ्याला पहिल्यांदाच सुपीक शेत दिसावं तसं.

पुढची वीसेक वर्षं, १९७४ पर्यंत, तिथे प्रयोग चालले. साबण, शाम्पू, दुर्गंधीनाशकं, मलमं इथपासून ते अमेरिकी लष्करासाठी मनावर परिणाम करणाऱ्या रसायनांपर्यंत. पाठीवर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत वेगळं द्रव्य. डाऊ केमिकल कंपनीसाठी डायॉक्सिनचा प्रयोग झाला. तोच विषारी पदार्थ, जो व्हिएतनामात फवारलेल्या 'एजंट ऑरेंज'मध्ये होता. कंपनीने ठरवून दिलेल्या मात्रेच्या ४६८ पट मात्रा त्यांनी दहा कैद्यांच्या त्वचेवर लावली.

कैदी बहुसंख्य काळे. त्यातले बरेच जण शिक्षा झालेलेही नव्हते, खटला सुरू व्हायची वाट बघत होते. जामिनाचे पैसे नव्हते म्हणून आत. प्रयोगाचे काही डॉलर मिळायचे, त्यातून जामीन भरायचा. सही घेतली जायची, पण अंगाला काय लावतोय ते कुणी सांगत नव्हतं.

२००० मध्ये जवळजवळ ३०० माजी कैद्यांनी दावा लावला. मुदत उलटून गेली म्हणून तो फेटाळला गेला. क्लिगमन २०१० मध्ये वारले, आणि त्या काळच्या रीतीप्रमाणेच मी वागलो, ही त्यांची भूमिका अखेरपर्यंत कायम होती. विद्यापीठाने २०२१ मध्ये माफी मागितली आणि त्यांच्या नावचं वार्षिक व्याख्यान बंद केलं. शहराने २०२२ मध्ये माफी मागितली.

---

शंतनु_वि

डेलावेअरकाठ, हे वाचून मळमळलं.

रानजाई, मला तुमचा सूर खटकला. "माणसाचा आवाका बघा" हे कौतुक कुणाचं चाललंय? ज्याला माणसं एकरात मोजायची वाटतात त्याचं? नाझी डॉक्टरांवरच्या खटल्यातून आलेली न्युरेंबर्गची संहिता १९४७ ची आहे. पहिलंच कलम: प्रयोगाला माणसाची स्वेच्छेने दिलेली संमती हवी. म्हणजे 'त्या काळी चालायचं' ही सबब चालत नाही. काळाने आधीच सांगितलं होतं. त्यांच्या नावाचा फॉर्म्युला अजून म्हणायचाच कशाला?

---

रानजाई

शंतनु, आवाका हा शब्द मी मोजमाप म्हणून वापरला, प्रशस्तिपत्र म्हणून नाही. पण तुमचा मुद्दा टाळत नाही. उलट त्यात एक भर घालते, कारण ती निबंधातच आहे. १९५२ मध्ये क्लिगमन यांनी डोक्यातल्या गजकर्णावर, म्हणजे मुलांच्या टाळूला होणाऱ्या बुरशीवर, निबंध लिहिला. ती बुरशी केसात कशी शिरते, किती खोल जाते, कधी थांबते, याचं वर्णन फार बारकाईने केलेलं आहे. ते वर्णन मिळालं कसं? एका सरकारी संस्थेत ठेवलेल्या बौद्धिक अक्षम मुलांच्या डोक्यात मुद्दाम बुरशी घालून. आणि हे लपवलेलं नाही. 'पद्धती' या मथळ्याखाली लिहिलेलं आहे. संपादकाने वाचलं, परीक्षकाने वाचलं, छापलं.

मला सगळ्यात जास्त हे लागतं. तुरुंगाची गोष्ट पुढे वर्तमानपत्रांनी उघड केली असं आपण म्हणतो, पण व्यवसायाला ती माहीत होती. शोधनिबंध वाचणाऱ्या प्रत्येकाला माहीत होती. कुणी पान उलटताना थांबलं नाही.

तुम्ही म्हणता नाव घेऊ नका. मला उलट वाटतं. 'ट्रिपल कॉम्बिनेशन' असं सोज्वळ नाव दिलं की होम्सबर्ग पुसलं जातं. नाव राहू दे, आणि नावासोबत तुरुंगही राहू दे. पाठ्यपुस्तकात फॉर्म्युल्याला एक ओळ असते, तिथेच कैद्यांना एक ओळ द्यायला काय हरकत आहे?

---

शंतनु_वि

नाव ठेवण्याबद्दल अजूनही पटलं नाही. कुणाच्या नावाने औषध ओळखलं जाणं हा मान असतो, आणि माणूस शेजारची ओळ वाचत नाही. विद्यापीठाने व्याख्यान बंद केलं ते बरोबरच केलं. पण 'पद्धती' खाली उघड छापलं होतं, हे मला माहीत नव्हतं. त्याबद्दल आभार.

---

सुश्रुताचा_वाचक

मी त्वचारोगतज्ज्ञ, सध्या विदर्भात. आधी रानजाईंच्या मूळ लेखाबद्दल: माहिती बरोबर आहे. एकच पुरवणी. हायड्रोक्विनोनसुद्धा निरुपद्रवी नाही. त्याच १९७५ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून फिंडले आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. गोरं करणाऱ्या क्रीम वर्षानुवर्षं लावलेल्या बायकांच्या गालांवर निळसर काळे, खरखरीत डाग पडत होते. ज्या काळेपणासाठी लावलं त्याहून गडद, आणि तो जवळजवळ जात नाही. आपल्याकडे असे रुग्ण "वांग वाढलं" म्हणून आणखी जास्त क्रीम लावत येतात. हे ओळखणं माझ्या मते स्टिरॉइडइतकंच महत्त्वाचं आहे.

आता दुसरी गोष्ट, जी मला वांगापेक्षा जास्त छळते. गजकर्ण.

माझ्या बाह्यरुग्ण विभागात पावसाळ्यात रांगेतला मोठा हिस्सा नायट्याचा असतो. पूर्वी जांघेत एक चट्टा यायचा, दोन-तीन आठवडे मलम लावलं की जायचा. आता मांड्या, कंबर, पाठ, चेहरा, आणि घरातली सगळी माणसं एकदम. चट्ट्याची कडा पूर्वीसारखी नीट गोल नसते. वर्तुळात वर्तुळ असतं, मध्येच लाल, मध्येच फिकट, कारण वर क्लोबेटासॉल चोळलेलं असतं. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि अतितीव्र स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये. स्टिरॉइडने खाज दोन दिवसांत थांबते, माणूस खूश होतो. बुरशी मात्र पसरत राहते, कारण तिच्याशी लढणारी त्वचेची प्रतिकारशक्तीच स्टिरॉइडने दाबलेली असते.

वडोदऱ्याचे डॉ. श्याम वर्मा यांनी या ट्यूबविरुद्ध वर्षानुवर्षं लिहिलंय, आपल्या नियतकालिकांत आणि परदेशातही. मग २०२० मध्ये जपानी संशोधकांनी भारत आणि नेपाळमधल्या रुग्णांकडून मिळालेल्या बुरशीला स्वतंत्र नाव दिलं: ट्रायकोफायटन इंडोटिनिए. आपल्या देशाचं नाव लागलेली बुरशी. टर्बिनाफिन हे नेहमीचं औषध तिच्यावर बऱ्याचदा चालत नाही, कारण ज्या एन्झाइमवर ते औषध काम करतं त्याच्या जनुकातच बदल झालेला असतो. २०२३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये तिचे अमेरिकेतले पहिले दोन रुग्ण नोंदले गेले.

क्लिगमन हे मुळात बुरशीचे अभ्यासक, आणि तुरुंगातही बुरशीसाठीच बोलावलेले. बुरशी आणि स्टिरॉइड, या दोन्हींवर त्यांनी लिहिलं. आज हे दोन्ही एकाच ट्यूबमध्ये आहेत आणि ती ट्यूब किराणा दुकानातही मिळते.

---

औषधालय_कराड

डॉक्टरसाहेब, ती ट्यूब डॉक्टरही लिहून देतात हो. सगळा दोष काउंटरवर नको. माझ्याकडे येणाऱ्या चिठ्ठ्यांवर ती असते, आणि लिहिणारे सगळेच काही बिनपदवीचे नसतात.

---

सुश्रुताचा_वाचक

कबूल. एका मिनिटात रुग्ण संपवायचा असला की ती ट्यूब सोयीची पडते. आमच्याच बिरादरीला हे सांगत राहावं लागतं. औषध कंपन्यांनी ही मिश्रणं काढली, परवाने मिळाले, आम्ही लिहिली, तुम्ही विकली, रुग्णाने शेजाऱ्याला दिली. साखळीत एकही कडी सुटत नाही.

---

आबोली_गोवा

माझा साधा प्रश्न. दुसऱ्या बाळंतपणानंतर मला दोन्ही गालांवर वांग आलंय. धागा वाचून हातातली ट्यूब खाली ठेवली. दीडेक महिना लावतेय. आता काय करू? आणि वांगाला मग लावायचं तरी काय?

---

सुश्रुताचा_वाचक

आबोलीताई, घाबरू नका. दीड महिना म्हणजे खूप उशीर नाही. ट्यूब घेऊन जवळच्या त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, खोकं सोबत न्या. आग, लाली, पुळ्या आल्या तर परत तीच लावू नका. बाळ अंगावर पीत असेल तर तेही आधी सांगा, औषध त्यावर ठरतं.

वांगाचं खरं औषध म्हणजे ऊन टाळणं, आणि ते सगळ्यांना कंटाळवाणं वाटतं. संप्रेरकं, घराण्याचा वारसा, ही कारणं आहेतच, पण ऊन लागलं की कुठलंही औषध वाया जातं. नुसते अतिनील किरणच नव्हेत, डोळ्यांना दिसणारा उजेडही आपल्या वर्णाच्या त्वचेत वांग वाढवतो. म्हणून रंगाची छटा असलेलं, आयर्न ऑक्साइडचं सनस्क्रीन जास्त उपयोगी. पुरेसं लावायचं, दुपारी परत लावायचं. छत्री, ओढणी, टोपी, काहीही चालेल.

औषधांत ॲझेलेइक ॲसिड आहे, इतरही आहेत, त्यांचा वेग कमी असतो. क्लिगमन यांचं तिहेरी मिश्रणही मी देतो, नीट निवडून. पण तारीख घालून देतो: या दिवशी सुरू, या दिवशी बंद, मध्ये एकदा दाखवायला या. बंद करायची तारीख चिठ्ठीवर नसेल तर ती मागून घ्या.

---

पहाटधुकं

आबोली, माझ्यासारखी डबीतली क्रीम असेल तर ती टाकूनही देऊ नका, डॉक्टरांना दाखवा. माझ्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की बिननावाच्या क्रीममध्ये स्टिरॉइडशिवाय पाराही असू शकतो.

---

सुश्रुताचा_वाचक

बरोबर. केरळच्या मलप्पुरम जिल्ह्यातल्या मूत्रपिंडतज्ज्ञांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले मूत्रपिंडाच्या एका विकाराचे २२ रुग्ण पाहिले. त्यातल्या १५ जणांत त्याचा एरवी क्वचित दिसणारा प्रकार सापडला, आणि त्या १५ पैकी १३ जण गोरेपणाची क्रीम लावत होते. संशय पाऱ्यावर. कातडीवर लावलेलं कातडीवरच राहतं, असं नाही. पायावर सूज किंवा लघवीला फेस असेल तर लघवीची तपासणी करून घ्या.

---

डेलावेअरकाठ

एक विचारतो. होम्सबर्गच्या माजी कैद्यांची आयुष्यभर तक्रार होती की त्यांच्या अंगावर काय झालं ते कुठे नोंदलंच गेलं नाही. आपल्याकडे पहाटधुकं यांच्यासारख्या रुग्णाला नोंद करता येते का? की ते फक्त डॉक्टरांनीच करायचं?

---

औषधालय_कराड

येते. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे औषधांच्या दुष्परिणामांच्या नोंदींचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे. रुग्णांसाठी वेगळा अर्ज आहे. फोनही करता येतो, १८००-१८०-३०२४, पैसे पडत नाहीत. औषधाचं नाव, बॅच क्रमांक, किती दिवस लावलं, काय झालं, एवढं लागतं. बॅच क्रमांक ट्यूबच्या दुमडलेल्या टोकाला ठोकलेला असतो, म्हणून ट्यूब खालून कापू नका, पिळून संपवा.

आणि खोक्यावर काय बघायचं तेही सांगतो. डाव्या वरच्या कोपऱ्यात 'आरएक्स' खूण आणि चिठ्ठीशिवाय विकू नये अशी सूचना असेल तर ती शेड्यूल एचची. घटकांच्या यादीत शेवटी 'सोन', 'सॉल' किंवा 'लोन' येणारं नाव दिसलं, बीटामेथासोन, मोमेटासोन, क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन, तर विचारा. हा ढोबळ अंदाज आहे, सगळी नावं यात बसत नाहीत. पण विचारायला तेवढं पुरतं.

---

पहाटधुकं

माझ्या डबीला बॅच क्रमांकच नव्हता. तरी फोन करते. पार्लरचं नाव नाही देता आलं तरी चेहऱ्याचं काय झालं ते तर सांगता येईल.

---

रानजाई

जरूर करा. डॉक्टर बाईंकडचा केसपेपर असेल तर तोही जोडा. आणि सुश्रुताचा_वाचक, दक्षिण आफ्रिकेचा तो १९७५ चा निबंध आमच्याकडच्या खंडांत आहे का ते सोमवारी बघते. मिळाला तर त्याचा मराठीत सारांश इथेच टाकीन, तुम्ही तपासून द्या.